‘ब्ल्यूबर्ड’ नौकेचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार ही गोष्ट आपल्या गांवोगांवीं पूर्वापार चालत आलेली आहे. भिंत खचली, तर ती उतरवून पुन्हां बांधतात. शिखर कोसळलें, तर नवें चढवितात. जुना लांकडी सभामंडप वाळवीनें पोखरला, तर त्याच्या जागीं दगडी मंडप उभा राहतो. इतकें झालें तरी देऊळ बदललें असें कोणी म्हणत नाहीं. देव तोच, जागा तीच, म्हणून देऊळहि तेंच. परंतु ज्या वस्तूंत देव नाहीं, केवळ एका माणसाच्या धाडसाची व मरणाची आठवण आहे, ती मोडून सरोवराच्या तळाशीं गेली, तर तिचें काय करावें? ती तेथेंच राहूं द्यावी, कीं वर काढावी? वर काढल्यास मोडली आहे तशीच जपावी, कीं दुरुस्त करून पुन्हां पाण्यावर सोडावी? हे प्रश्न पुस्तकी नाहींत. इंग्लंडांत एका यंत्रनौकेच्या बाबतींत ते खरोखरीच उपस्थित झाले, आणि त्यांचा उलगडा होण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्या नौकेचें नांव ‘ब्ल्यूबर्ड’, म्हणजे निळा पक्षी. तिचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

सर माल्कम कॅम्बेल हे दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतील वेगाचे नामांकित उपासक. मेटरलिंक या बेल्जियन नाटककाराच्या नाटकावरून त्यांनीं १९१२ सालीं आपल्या शर्यतीच्या मोटारीस ‘ब्ल्यूबर्ड’ हें नांव दिलें, व पुढें आपल्या वेगवान वाहनांस तेंच नांव आणि तोच निळा रंग ते देत गेले. जमिनीवरचे व पाण्यावरचे, असे दोन्ही प्रकारचे जागतिक उच्चांक त्यांनीं मिळविले. १९३९ च्या ऑगस्ट महिन्यांत, महायुद्ध सुरू होण्यास जेमतेम दोन आठवडे उरले असतां, वायव्य इंग्लंडांतील कॉनिस्टन सरोवरावर त्यांनीं ताशी १४१.७४ मैलांचा उच्चांक केला. १९४८ सालच्या अगदीं शेवटच्या दिवशीं ते वारले, आणि हा वारसा त्यांचे चिरंजीव डोनल्ड कॅम्बेल यांच्याकडे आला.

वडिलांची कीर्ति हा मुलाला जसा आधार असतो, तसाच तो बोजाहि असतो. डोनल्ड यांनीं आरंभीं वडिलांचीच जुनी नौका चालविली. परंतु १९५१ सालीं कॉनिस्टनवर वेगांत धांवत असतांना ती फुटली. पुढच्याच वर्षीं जॉन कॉब हे दुसरे इंग्रज धाडसी गृहस्थ स्कॉटलंडांतील लॉक नेस सरोवरावर जेट एंजिनाची नौका चालवितांना मृत्यु पावले. पाण्यावर ताशी दोनशें मैलांच्या पलीकडे जाणें म्हणजे मरणाच्या दारांत पाऊल ठेवणें होय, असें त्या वेळीं अनेकांना वाटूं लागलें. अशा दिवसांत डोनल्ड यांनीं नवी नौका बांधविण्याचें ठरविलें.

केन व ल्यू नॉरिस या दोन अभियंता बंधूंनीं तिची आंखणी केली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें कवच, लांबी सुमारें सव्वीस फूट, वजन सुमारें अडीच टन, आणि पोटांत विमानाचें जेट एंजिन, असें तिचें स्वरूप होतें. तिला पाण्यांत फिरणारा पंखा नव्हता. एंजिनांतून मागें सुटणारा तप्त वायूचा झोतच तिला पुढें लोटी. चपटा खडा तिरपा फेकून मुलें तळ्यावर भाकऱ्या काढतात, तेव्हां तो खडा पाण्यांत न बुडतां पृष्ठभागावरून टप्पे घेत जातो. ‘ब्ल्यूबर्ड’चें तत्त्व कांहींसें असेंच होतें. उभी असतांना ती इतर नौकांप्रमाणें पाण्यांत बसलेली असे. परंतु वेग येतांच वर उचलली जाई, आणि पुढील दोन बाजूंस काढलेले दोन तरते पाय व शेपटाकडील एक बिंदु, एवढ्या तीनच ठिकाणीं तिचा पाण्याला स्पर्श उरे. पाण्याचा विरोध त्यामुळें कमी होई. मात्र धोकाहि तेथेंच होता. नाक कांहीं अंशांपलीकडे वर उचललें गेलें, तर खालून शिरणारी हवा तिला पत्त्याच्या पानासारखी उलथून टाकील, हें तिच्या कर्त्यांना प्रथमपासूनच ठाऊक होतें.

२३ जुलै १९५५ रोजीं अल्सवॉटर सरोवरावर तिनें ताशी २०२.३२ मैलांचा उच्चांक केला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील लेक मीड येथें प्रेक्षकांच्या बोटींच्या लाटांनीं तिच्यांत पाणी भरून ती बुडाली. तिला वर काढून दुरुस्त केलें, आणि कांहीं आठवड्यांतच तिनें २१६.२० मैलांचा नवा उच्चांक केला. या नौकेचा जीर्णोद्धार पहिल्याच वर्षीं एकदां झाला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें कॉनिस्टनवर १९५६ पासून १९५९ पर्यंत दरवर्षीं एक असे चार उच्चांक झाले. त्यांतील शेवटचा २६०.३५ मैलांचा. १९६४ सालीं डोनल्ड यांनीं ऑस्ट्रेलियांत जुलै महिन्यांत मोटारीनें जमिनीवरचा, आणि ३१ डिसेंबरला डंबलयंग सरोवरावर ‘ब्ल्यूबर्ड’नें २७६.३३ मैलांचा पाण्यावरचा, असे दोन्ही उच्चांक केले. एकाच वर्षांत हे दोन्ही मिळविणारा दुसरा मनुष्य झाला नाहीं.

इतकें यश मिळाल्यावर थांबावें, असें आपणांस वाटेल. परंतु तीनशें मैलांचा आंकडा डोनल्ड यांना स्वस्थ बसूं देईना. नौका आतां अकरा वर्षांची जुनी झाली होती. तिच्यांत अधिक जोराचें ऑर्फियस एंजिन बसविण्यांत आलें. हें एंजिन म्हणजे ‘नॅट’ नांवाच्या लहानशा लढाऊ विमानाचें. आपल्या श्रोत्यांना या विमानाचें नांव अपरिचित नसावें. बंगलोरच्या कारखान्यांत तीं विमानें तयार होत असत, आणि १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धांत आपल्या वायुदलानें त्यांच्या बळावर मोठा लौकिक मिळविला होता. डोनल्ड यांनीं सुट्या भागांसाठीं अपघातांत सांपडलेलें एक नॅट विमानच विकत घेतलें, व त्याचें उभें शेपूट नौकेच्या मागील अंगास बसविलें. १९६६ च्या नोव्हेंबरांत एका चांचणीच्या वेळीं हवा आंत घेणाऱ्या मार्गाचा पत्रा आंत ओढला जाऊन पहिलें एंजिन निकामी झालें. दुसरें बसवावें लागलें. हिवाळा, पाऊस, पैशाची चणचण आणि कंटाळून परत जाणारे वार्ताहर, यांच्यांत नाताळ निघून गेला.

४ जानेवारी १९६७ या दिवशीं सकाळीं सरोवर शांत होतें. नियमाप्रमाणें ठराविक अंतर जातांना व येतांना, असें दोनदां कापावें लागे, आणि दोहोंच्या सरासरीवर उच्चांक ठरे. पहिल्या फेरींत ताशी २९७.६ मैल वेग झाला. आपल्याच नौकेनें उठविलेल्या लाटा शमेपर्यंत न थांबतां डोनल्ड लगेच परत फिरले. परतीच्या वाटेवर वेग तीनशेंच्या वर गेला. नाक उचललें गेलें, नौका हवेंत उलटली, पाण्यावर आपटली आणि बुडाली. त्यांचें शुभचिन्ह, एक लहानसें खेळण्यांतलें अस्वल, पाण्यावर तरंगतांना सांपडलें; डोनल्ड मात्र सांपडले नाहींत. अपघाताच्या कारणांविषयीं एकाहून अधिक मतें आहेत. लाटा, कमी झालेल्या इंधनामुळें हलकी झालेली नौका, मंदावलेलें एंजिन, यांपैकीं कशाला किती दोष द्यावा, याचा खल अद्यापि चालतो. आरमाराच्या पाणबुड्यांनीं शोध केला व अखेर तो सोडून दिला. डोनल्ड यांचें वय त्या वेळीं अवघें पंचेचाळीस वर्षांचें होतें.

त्यानंतर चौतीस वर्षें सरोवराच्या काळोख्या, थंड पाण्यांत मनुष्य आणि नौका दोघेंहि पडून राहिलीं. १९९६ च्या सुमारास टाइन नदीच्या परिसरांतील बिल स्मिथ नांवाच्या अभियंत्यानें हौसेखातर शोध आरंभिला. ते स्वतः पाणबुडेहि होते. एका गीतावरून त्यांना ही प्रेरणा झाली, असें ते सांगतात. सुमारें दीडशें फूट खोलीवर त्यांना नौका सांपडली, आणि ८ मार्च २००१ रोजीं तिचा मागील मोठा भाग पाण्याबाहेर आला. हवेच्या मार्गाच्या पुढचा, म्हणजे चालकाच्या बैठकीचा भाग तुटून गेलेला होता. परंतु निळा रंग ओळखूं येत होता, आणि शेपटावरील ब्रिटिश ध्वजहि दिसत होता. त्याच वर्षीं २८ मे रोजीं डोनल्ड यांचे अवशेष मिळाले.

येथेंच पहिला नैतिक प्रश्न उभा राहिला. कांहीं विपरीत घडलें तर कप्तान आणि नौका यांनीं एकत्रच राहावें, अशी डोनल्ड यांची इच्छा होती. त्यांची भगिनी जीन वेल्स यांना म्हणूनच भावाचा देह वर काढणें मान्य नव्हतें. तरीहि त्या काळांत त्या रोज दूरध्वनीवरून स्मिथ यांच्याकडे चौकशी करीत असत. श्रोतेहो, या दोन गोष्टींत मला विसंगति दिसत नाहीं. ज्याच्या घरांतील माणूस प्रवासाला जाऊन परत आलें नाहीं, त्याला हें मन समजेल. इच्छेचा मान राखावा असें बुद्धीला वाटतें, आणि तो सांपडला काय, हें विचारल्यावांचून जिवाला राहवत नाहीं. १२ सप्टेंबर २००१ रोजीं डोनल्ड यांची शवपेटी एका बोटींतून त्याच मोजलेल्या अंतरावरून अखेरची एकवार नेण्यांत आली, आणि मग कॉनिस्टनच्या दफनभूमींत त्यांना मूठमाती मिळाली.

मनुष्याची व्यवस्था झाली, नौकेची राहिली. २००६ च्या डिसेंबरांत कॅम्बेल कुटुंबाच्या विश्वस्त संस्थेनें ती कॉनिस्टन गांवांतील रस्किन संग्रहालयास देऊं केली. डोनल्ड यांची कन्या जीना यांची इच्छा अशी होती, कीं वडिलांचें स्मारक म्हणून नौका पूर्ववत् व्हावी. पण संग्रहालयशास्त्र जाणणाऱ्या कांहीं जणांचें मत निराळें पडलें. त्यांचें म्हणणें असें, कीं मोडलेली नौका हाच खरा ऐतिहासिक पुरावा आहे. तिच्या वाकलेल्या नळ्या आणि फाटलेले पत्रे त्या सकाळची साक्ष देतात. ते सरळ केले कीं साक्ष पुसली गेली. याच्या उलट दुसरा पक्ष म्हणे, कीं ही नौका बारा वर्षें धांवली आणि एक क्षण मोडली. त्या एका क्षणासच तिचें कायमचें स्वरूप कां समजावें? वारशाच्या जतनासाठीं असलेल्या सार्वजनिक निधीकडे केलेली मागणी मान्य झाली नाहीं. तेव्हां लोकांच्या देणग्या, कारखानदारांनीं दिलेलें साहित्य आणि स्वयंसेवकांचे हात, यांच्या भरंवशावर काम सुरू झालें. हें काम दहा वर्षांहून अधिक चाललें.

तें कसें चाललें, हें थोडक्यांत पाहूं. नवी नौका बांधणें सोपें असतें. जुनीच पुन्हां उभी करणें कठीण. प्रथम प्रत्येक भाग सुटा करावयाचा. कवचाचा पत्रा सांगाड्यास रिव्हेटांनीं जोडलेला. ते एकेक रिव्हेट भोंक पाडून काढावे लागतात. मग पत्रा वाकडा झाला असेल तेथें ठोकून आणि लाटून सरळ करावयाचा, पाण्यानें खाल्लेली जागा तेवढीच कापून तेथें नवें ठिगळ बसवावयाचें. आपल्याकडील तांबट जुनें भांडें घडींत घेतो, तसेंच हें काम. फरक इतकाच, कीं येथें एका ठोक्याची चूक झाली तर इतिहासाचा तुकडा गमावला जातो. पोलादी नळ्या स्वच्छ करून त्यांत बारीक तडे तर नाहींत ना, हें तपासावें लागतें. पुढील भाग चुराडा झालेला. तेथें मूळ आंखणीबरहुकूम नव्या नळ्या जोडणें भाग पडलें. पाणबुडे पुनःपुन्हां सरोवरांत उतरले आणि चिखलांतून लहान लहान तुकडे शोधून आणीत राहिले, जेणेंकरून जुन्याचा जेवढा अंश परत बसवितां येईल तेवढा बसावा. मूळ एंजिन मात्र कामाचें उरलें नव्हतें. त्याच्या वेष्टनांतील मॅग्नेशियमचा मिश्रधातु पाण्यानें खाऊन टाकला होता. म्हणून त्याच जातीचें दुसरें ऑर्फियस मिळवून बसविलें.

दुरुस्ती झाली म्हणजे नौका पाण्यांत सोडण्यास तयार झाली, असें नव्हे. आपल्या कोंकण किनाऱ्यावर पावसाळ्यांत वर ओढून ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हां पाण्यांत लोटतात, त्यापूर्वीं फळ्यांच्या फटी एकेक तपासून बुजविलेल्या असतात. धातूच्या नौकेसहि तीच परीक्षा चुकत नाहीं. शेंकडों रिव्हेटांपैकीं प्रत्येकाची जागा ही पाण्याची संभाव्य वाटच असते. शिवाय तिचा तोल मोजावा लागतो. नवा तुकडा जुन्यापेक्षां जड झाला, तर भार पुढें कीं मागें सरकला, हें पाहिल्यावांचून वेग देणें म्हणजे आत्मघात. जेट एंजिनास प्रथम दाबलेल्या हवेनें गति देऊन मगच सुरू करतां येतें. नौका पाण्यांत बसली असतांना तिचे हवेचे मार्ग पृष्ठभागापासून फारसे उंच नसतात. उडालेलें पाणी आंत गेलें तर एंजिन विझतें. म्हणून वर उचलली जाईपर्यंतचा पहिला काळच सर्वांत नाजूक. हा त्रास १९५५ सालीं डोनल्ड यांनाहि झाला होता. त्यांच्या नौकेची परीक्षा त्यांच्या मागून येणाऱ्यांना पहिल्या पानापासून पुन्हां द्यावी लागली.

४ ऑगस्ट २०१८ रोजीं स्कॉटलंडांतील ब्यूट बेटावर, लॉक फॅड नांवाच्या सरोवरांत ‘ब्ल्यूबर्ड’ पुन्हां पाण्यावर तरंगली. अपघातापासून साडेएकावन्न वर्षें लोटलीं होतीं. पुढील दिवसांत ती स्वतःच्या बळावर धांवली, आणि तिनें ताशी सुमारें दीडशें मैलांचा वेग गांठला. हा तिच्या पूर्वीच्या वेगाच्या निम्माच. परंतु उच्चांक करणें हा येथें हेतूच नव्हता. जी वस्तु धांवण्यासाठीं जन्मली, ती धांवतांना कशी दिसे व तिचा आवाज कसा येई, हें नव्या पिढीला कळावें, इतकाच उद्देश होता.

हकीकत येथें संपती तर गोड झालें असतें. पण चांगल्या हेतूनें एकत्र आलेल्या माणसांतहि वाद होतात. मोडकी नौका संग्रहालयास मिळालेली. तिच्यावर दशकभर श्रम केले ते दुरुस्ती करणाऱ्यांनीं. नवे भाग त्यांनींच घडविलेले. मग ती ठेवावी कोठें, चालवावी कोणीं, आणि नव्या भागांवर मालकी कोणाची? हा वाद कांहीं वर्षें चालला व वकिलांपर्यंत गेला. कोणाची बाजू किती खरी, हें येथें बसून ठरविण्याचा मला अधिकार नाहीं. एवढें सांगतों, कीं ज्यानें वस्तु दिली त्याचा हक्क आणि ज्यानें तींत प्राण ओतला त्याची माया, या दोहोंचा निवाडा केवळ कागदावर होत नाहीं; म्हणून असें काम हातीं घेण्यापूर्वींच सारें स्पष्ट लिहून ठेवावें. अखेर २०२४ सालीं तडजोड झाली, आणि ९ मार्च रोजीं ‘ब्ल्यूबर्ड’ कॉनिस्टनला परत आली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ही नौका तीच आहे काय? थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक बदलल्यावर तें तेंच राहिलें काय, असा वाद प्राचीन अथेन्समधील तत्त्वज्ञ घालीत असत. आपल्याकडे पुरीस जगन्नाथाच्या लांकडी मूर्ति ठराविक काळानें नव्या घडवितात. त्या विधीस नवकलेवर म्हणतात. १९९६ व २०१५ सालीं तो झाला. देह नवा, देव तोच, अशी तेथील श्रद्धा. आणि दुसरें एक उदाहरण तर आपल्या मुंबईचेंच आहे. वाडिया घराण्यांतील कसबी पारशी कारागिरांनीं मुंबईच्या गोदींत सागवानाचें ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें लढाऊ जहाज बांधलें. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं तें पाण्यांत सोडलें. इंग्लंडांतील हार्टलपूल येथें १९९० पासून २००१ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि दोनशें वर्षांनंतरहि तें पाण्यावर आहे. मुंबईचें सागवान टिकलें म्हणूनच दुरुस्तीस कांहीं आधार उरला, हेंहि खरें.

माझें मत विचाराल तर असें आहे. जीर्णोद्धारांत जुन्याचा अंश जितका राखतां येईल तितका राखावा. नवें काय घातलें याची प्रामाणिक नोंद ठेवावी. आणि मोडण्यापूर्वींच्या व नंतरच्या दोन्ही अवस्थांचीं चित्रें व मापें जतन करावीं. एवढें पाळलें, तर दुरुस्त केलेली वस्तु खोटी ठरत नाहीं. पण दुरुस्तीनें सर्वच परत मिळतें, असा भ्रमहि नसावा. त्या वाकलेल्या पत्र्यांची साक्ष आतां छायाचित्रांतच उरली आहे, ही हानि मान्य केली पाहिजे. एक जिंकतांना दुसरें हरवतें. तें जाणून केलेलें काम आणि न जाणतां केलेलें काम, यांत फार अंतर आहे.

कप्तान आणि नौका यांनीं एकत्र राहावें, ही डोनल्ड यांची इच्छा चौतीस वर्षें सरोवरानें पाळली, आणि पुढें तेवीस वर्षें माणसांनीं मोडली. आज डोनल्ड कॅम्बेल कॉनिस्टनच्या मातींत आहेत, व त्यांची निळी नौका त्याच गांवच्या संग्रहालयांत. दोहोंमधील अंतर पायीं थोड्या वेळांत चालून जातां येतें. इच्छेचें अक्षर राहिलें नाहीं. आशय बहुतेक राहिला.